सोळापैकी तेरा

निवृत्त प्राध्यापिका दिसली की लोकांना एक प्रश्न हमखास सुचतो. "काय हो मॅडम, हल्लीच्या मुलांना शिकायची इच्छाच नाही, नाही का?" विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, मान हलवायला कोणीतरी हवं असतं. बिबवेवाडीत आमच्या सोसायटीच्या बाकावर रोज संध्याकाळी अशा पाच-सहा माना हलतात. मी हलवत नाही. त्यामुळे मला त्या बाकावर कोणी सरकून जागा देत नाही, आणि माझंही त्यावाचून काही अडलेलं नाही.

संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या, तेव्हा त्यांना बहुधा मजेशीर किस्से हवे होते. तसे आहेत. तीन महिन्यांत चार एप्रन हरवणारा मुलगा आहे. परीक्षेत घामाघूम होऊन मलाच "काका" म्हणणारा आहे. पण बाकावरच्या त्या प्रश्नाला एकदा नीट उत्तर द्यायचं माझ्या मनात फार दिवस होतं, तेव्हा त्यांच्या किश्शांऐवजी हे.

पुण्यातल्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. कोणत्या, ते सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ते रागावतील. तेवढं त्यांनी करावंच.

बाहेरच्यांना आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगायला हवी. सायन्सच्या कॉलेजात मुलं प्रयोग करतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण प्रयोग केला म्हणजे तो झाला असं नसतं. तो जर्नलमध्ये उतरवावा लागतो. जर्नल म्हणजे जाड पुठ्ठ्याची वही, उजव्या पानावर रेघा आणि डावं पान कोरं. हेतू, साहित्य, कृती, निरीक्षणं, आकडेमोड, निष्कर्ष, सगळं ठरलेल्या जागी. प्रत्येक प्रयोगाखाली शिक्षकाची सही. सत्राच्या शेवटी जर्नलवर विभागप्रमुखांची सही आणि शिक्का झाला की मूल परीक्षेला बसायला मोकळं. नाही झाला, तर टर्म गेली. मुलाला विषय येतो की नाही, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

आणि कोणत्याही माहितीपत्रकात नसलेली गोष्ट अशी, की जर्नल बहुतेक जण मागच्या वर्षीच्या कोणाचं तरी बघून उतरवतात. मुलांना हे माहीत असतं, आम्हाला माहीत असतं. सुबक अक्षर, पट्टीने आखलेले तक्ते आणि वेळेवर सही यालाच आम्ही शिस्त म्हणतो.

नोकरीच्या मध्यावर माझ्याकडे समीर नावाचा एक मुलगा होता. बोलायला चुणचुणीत, वर्गात प्रश्न असे विचारायचा की मला घरी जाऊन पुस्तक उघडावं लागायचं. आणि जर्नल बघितलं, तर चार पानं लिहून पाचव्या पानावर पेनाने नुसती घरं काढलेली. मी त्याला सगळ्या बॅचसमोर उभं केलं. "नवीन जर्नल आण आणि पहिल्या प्रयोगापासून सगळं पुन्हा लिहून काढ. त्याशिवाय सही मिळणार नाही." जे त्याच्याने एकदा होत नव्हतं, ते मी त्याला दोनदा करायला सांगितलं, आणि वर त्याला शिक्षण म्हटलं. तो "हो मॅडम" म्हणाला. पुढच्या सोमवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग मी हजेरीपटावर त्याच्या नावावर रेघ मारली. पट्टी लावून मारली होती. त्याला नेमकं काय होतं ते मला ठाऊक नाही, मी डॉक्टर नाही. मी काय केलं ते मात्र ठाऊक आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना माझ्या बॅचमध्ये ऋतुजा आली. यवतमाळकडची. वडील तिकडेच एका शाळेत मास्तर. ही वारज्यात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. सेकंड इयरचं एक वर्ष आधीच गेलेलं होतं, आणि वडिलांनी बजावलं होतं, या वर्षी टर्म गेली तर सामान बांधून घरी यायचं, शिक्षण बंद. हे तिने मला पुढे सांगितलं. सुरुवातीला मला दिसली ती एप्रनची बटणं एक घर खाली-वर लावलेली आणि वीस मिनिटं उशिरा येणारी एक मुलगी.

"जर्नल?"

"मॅडम, मी लिहिणार होती, पण लिहूनच नाही झालं."

मागच्या बाकावर खसखस पिकली. आमच्या पुण्याला दुसऱ्याच्या 'होती'वर हसायला फार आवडतं. मीही तेव्हा त्यांना गप्प केलं नाही.

पण तिचा हात मी पाहिला होता. आम्ल आणि अल्कली यांचं टायट्रेशन हा आमच्याकडचा अगदी साधा प्रयोग. उभ्या नळीला, म्हणजे ब्युरेटला, खाली तोटी असते. तिच्यातून खालच्या चंबूत थेंब थेंब द्रव सोडायचा आणि चंबूतल्या द्रवाला फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं. एक थेंब जास्त पडला की रंग भडक होतो आणि सगळं मुसळ केरात. बहुतेकांचा भडकच होतो. ऋतुजाचा गुलाबी असा, की आहे की नाही असं वाटावं. पंधरा-पंधरा मिनिटं ती तोटीवर बोटं ठेवून उभी राहायची. शेजारी कोणाची काचेची नळी फुटली तरी हिची मान वळायची नाही. हिचं लक्ष लागत नाही असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी म्हटलं असतं, इथे येऊन बघा. आणि तीच मुलगी चार ओळींची कृती महिनाभर लिहू शकत नव्हती. मग मी काय म्हणणार? जे सगळे म्हणतात तेच म्हटलं.

"जरा मनावर घे, ऋतुजा."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मॅडम, मनावर तर रोजच घेते. रात्री झोपताना घेते, सकाळी उठल्यावर घेते. वही उघडून बसते. दोन तास बसून राहते आणि एक शब्द नाही लिहीत. मग स्वतःचाच एवढा राग येते, की उठून जेवायलाही जात नाही." आणि मग अगदी हळू, "मी आळशी आहे न?"

मी पुढच्या टेबलाकडे वळले.

आमच्याकडे दर बुधवारी एक समुपदेशक बाई यायच्या. ग्रंथालयाच्या मागे एका खोलीत बसायच्या आणि बहुतेक वेळ एकट्याच असायच्या. ऋतुजा त्यांच्याकडे गेली ती जेवण-झोप उडाली म्हणून. त्यांनी तिला डॉक्टरांकडे पाठवलं आणि चार-पाच भेटींनंतर निदान झालं, एडीएचडी, म्हणजे लक्ष धरून ठेवण्यातली अडचण. समुपदेशक बाई स्वतः येऊन मला सांगून गेल्या. मी वरवर "अच्छा, अच्छा" म्हटलं आणि मनात म्हटलं, चला, आळसाला आता इंग्रजी नावही मिळालं. हे मी लपवत नाही. दुसऱ्यांना बोल लावायचे तर आधी स्वतःचं सांगून टाकलेलं बरं.

वडील भेटायला आले. साधा, थकलेला माणूस. "आमच्या घराण्यात असं कोणालाच नाही, मॅडम. दहावीला शाळेत पहिली होती हो ही! डोकं आहे. फक्त मनावर नाही घेऊन राहिली." ऋतुजा शेजारी उभी होती, पायातल्या चपलेकडे बघत. माझंच वाक्य मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, आणि तेव्हा मला ते पहिल्यांदा मूर्खासारखं वाटलं. तिच्या जागी मी असते तर चप्पल हातात घेतली असती.

पुढचं घडलं ते योगायोगाने. एका शनिवारी दुपारी कॉलेज रिकामं होतं. मी प्रयोगशाळेत बसून बाटल्यांची फाटलेली लेबलं नव्याने लिहीत होते. ऋतुजा विसरलेली छत्री न्यायला आली. मी म्हटलं, "आलीच आहेस तर बस समोर आणि लिही काहीतरी." पुढे मी एक शब्द बोलले नाही, कारण मला पन्नास लेबलं संपवायची होती. दीड तासाने मान वर केली तर तिचे दोन प्रयोग लिहून झाले होते. मला वाटलं उतरवले असतील. तपासले. तिचेच आकडे, तिचीच खाडाखोड.

"हे कसं काय झालं?"

"माहीत नाही मॅडम. तुम्ही लिहून राहिल्या होत्या, तर माझंही सुरू झालं." दाराशी जाऊन ती परत वळली. छत्री पुन्हा विसरली होती. ती घेताना म्हणाली, "पुढच्या शनिवारी तुम्ही असाल काय?"

समुपदेशक बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, असं होतं. यांची अडचण इच्छेची नसते, सुरू करण्याची आणि धरून ठेवण्याची असते. समोर कोणी शांतपणे आपलं काम करत बसलं, की पुष्कळांना सुरुवात जमते. मला इतक्या वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं. मीही कोणाला विचारलं नव्हतं.

मग शनिवारी अकरा ते एक मी प्रयोगशाळा उघडी ठेवू लागले. नियम एकच, प्रत्येकाने आपापलं काम करायचं आणि कोणी कोणाला "किती झालं?" विचारायचं नाही. ऋतुजाने आणखी एकीला आणलं. मग विश्रांतवाडीहून दोन बस बदलून एक मुलगा यायला लागला. त्याला दर दहा मिनिटांनी उठावंसं वाटायचं, तेव्हा तो टेबलाभोवती एक फेरी मारून पुन्हा बसायचा. सगळ्यांकडे डॉक्टरांचे कागद होते असं नाही. मी मागितलेही नाहीत. काही शनिवारी ऋतुजा दोन तास बसून एक ओळ लिहायची, काही शनिवारी यायचीच नाही आणि सोमवारी तोंड चुकवायची. जादू वगैरे काही नव्हती. कार्यालयातून विचारणा झाली, "हे कोणत्या योजनेत बसतं?" मी म्हटलं, "योजनेत नाही, स्टुलावर बसतं." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

सत्र संपलं तेव्हा ऋतुजाचे सोळापैकी तेरा प्रयोग लिहून झाले होते. हातांनी सोळाही केले होते, माझ्यासमोर. तीन प्रयोगांचं लिखाण राहिलं होतं. माझ्या दृष्टीने हा डोंगर चढून झाला होता.

आमचे विभागप्रमुख अभिजित. माझेच विद्यार्थी, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. चारचौघांत मी त्यांना "सर" आणि "आपण" म्हणायचे, दार बंद झालं की "अरे". सह्यांच्या दिवशी त्यांनी ऋतुजाचं जर्नल उघडलं, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं आणि मिटून बाजूला ठेवलं.

"मॅडम, बाकी एकोणसाठ मुलांची पूर्ण आहेत. हिचं कसं करायचं?"

"सर, डॉक्टरांचा कागद जोडला आहे."

"कागद एकाचा घेतला तर उद्या सगळेच आणतील."

"एका मुलाला चष्मा लावू दिला म्हणून आपला सगळा वर्ग आंधळा झाल्याचं मला आठवत नाही."

ते हसले नाहीत. उद्या दुपारपर्यंत उरलेले तीन पूर्ण झाले तर सही, नाहीतर टर्म नाही, असं म्हणून पुढचं जर्नल उघडलं.

बाहेर ऋतुजा उभी होती. मी तिला सांगितलं. ती रडली नाही. ते मला जास्त लागलं. "उद्यापर्यंत नाही होणार मॅडम. कोणी उद्यापर्यंत म्हटलं की माझा हातच नाही उचलत. मी बाबांना फोन करते." तिने खरोखरच फोन काढला. मी म्हटलं, "ठेव तो. आधी मला तुझं जर्नल बघू दे." तिच्या बाजूने भांडायला काहीतरी सापडेल म्हणून मी पान पान उलटत गेले.

टायट्रेशनच्या पानावर माझीच लाल फुली होती. तिचं वाचन १२.६, त्यावर फुली आणि शेजारी माझ्या अक्षरात '१०.२ हवे'. तो १०.२ आकडा मला तोंडपाठ होता. वर्षानुवर्षं त्याच तीव्रतेचं आम्ल आणि तेच उत्तर, तपासताना मी आकडेमोडीकडे बघतसुद्धा नसे.

"हे चुकलं कसं गं तुझं? तुझा हात तर इतका चांगला."

"मी ते तीनदा केलं होतं मॅडम. तिन्ही वेळा तेच आलं."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"माझं नेहमी चुकतेच न."

मी आमच्या प्रयोगशाळेतल्या शिंदेमामांना हाक मारली. द्रावणं तेच तयार करायचे. त्यांनी पान बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "बरोबरच हाय की मॅडम. यंदा आम्लाची नवी बाटली जरा कडक झालती. तुमास्नी बोललो व्हतो, तुमी हो म्हनला."

आम्ल कडक असलं की वरून द्रव जास्त सोडावा लागतो आणि वाचन वाढतं. बोलले होते. मी हो म्हटलं होतं आणि विसरले होते. पण विसरल्याबद्दल मला कोणी डॉक्टरांचा कागद आणायला सांगितलं नाही.

मी विभागात गेले आणि शिक्का मारून ठेवलेल्या जर्नलांचा ढीग ओढला. एकेक उघडून टायट्रेशनचं पान काढत गेले. १०.२. १०.२. १०.२. अधूनमधून लाज वाटून कोणी १०.३ केलेलं. साठ मुलांनी यंदाचं आम्ल वापरलं आणि एकोणसाठ जणांनी मागच्या वर्षीचं उत्तर लिहिलं. सुबक अक्षरात, पट्टीने आखलेल्या तक्त्यात. आणि त्या प्रत्येकाखाली आम्हा शिक्षकांच्या सह्या होत्या. सगळ्या जर्नलांत खरा आकडा एकच होता, आणि मी त्यावर फुली मारली होती.

मी अभिजितच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

"अरे, हे बघ."

त्याने पाच-सहा पानं बघितली. रसायनाचा माणूस, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. शेवटचं जर्नल मिटून म्हणाला, "मग काय मॅडम, सगळ्यांचीच टर्म अडवायची?"

"अडव. नियम म्हणजे नियम. खोटी जर्नलं एकोणसाठ, खरं एक. आणि त्या खोट्यांवर सह्या करणाऱ्यांत पहिलं नाव माझं घाल."

"तसं नाही करता येणार."

"मग जिने खोटं लिहिलं नाही तिलाच तेवढं अडवणार का? अभिजित, तुझं सेकंड इयरचं जर्नल तुझ्या बहिणीच्या अक्षरात होतं. मला तेव्हाही कळलं होतं. मी सही केली, आणि तू आज या खुर्चीत आहेस."

तो लाल झाला. मला वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

शेवटी म्हणाला, "बरं. तीन प्रयोगांची नुसती शीर्षकं घालून टाका. मी वर सोळापैकी सोळा लिहितो आणि सही करतो."

समजूतदारपणाच म्हणायचा. दुसऱ्या कोणी आभार मानले असते. पण एकोणसाठांच्या खोट्यात साठावं घालायला मी तिथे गेले नव्हते. मी त्याच्यापुढे जर्नलमधलं, सही-शिक्क्याचं सर्टिफिकेटचं पान धरलं. छापील मजकूर असा होता, की अमुक विद्यार्थ्याने एकूण इतक्यापैकी इतके प्रयोग समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहेत. दोन कोऱ्या जागा. आम्ही सगळे दोन्हींत एकच आकडा भरत आलो होतो.

"दोन जागा कशाला ठेवल्या असतील?" मी विचारलं.

त्याने पान बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पेन उघडलं. सोळापैकी तेरा. सही केली, शिक्का स्वतः मारला. "वरून कोणी विचारलं तर?" म्हणाला. मी म्हटलं, "माझ्याकडे पाठव." कोणी विचारलं नाही. कधीच कोणी विचारत नाही, आपणच घाबरून राहतो.

वाचकांचा जीव टांगणीला नको म्हणून सांगते, ती परीक्षेला बसली आणि पास झाली. फार मोठे गुण नाहीत. पुढच्या वर्षीही तिची जर्नलं वेळेवर नव्हती, औषधं कधी लागू पडायची, कधी बदलावी लागायची, आणि शनिवार मी निवृत्त होईपर्यंत चालू राहिले. आता ते बंद आहेत, असं ऐकते. योजनेत बसत नव्हते. त्याचा मला संताप येतो. ज्या कोणाला वाटत असेल की या मुलांना इच्छाच नाही, त्याने एका शनिवारी दोन तास त्यांच्यासमोर मुकाट्याने बसून दाखवावं.

त्या दिवशी मी बाहेर आले तेव्हा ऋतुजा जिन्याच्या पायरीवर बसली होती. फोन हातात, अजून न लावलेला. मी आधी टायट्रेशनचं पान उघडलं, माझ्या फुलीवर आडवी रेघ मारली, खाली 'वाचन बरोबर, चूक माझी' असं लिहून सही केली. मग सर्टिफिकेट दाखवलं. तिने ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं, सोळापैकी सोळा नाही म्हणून हिरमुसली असेल.

"मॅडम," ती म्हणाली, "किती राहिलं ते सगळेच लिहितात. मी किती केलं ते पहिल्यांदा लिहिलं कोणी."